'नम्र' म्हटलं की लोक वाकतात, मग ताओवाल्या 'खाली राहण्या'ला मराठीत काय म्हणायचं?

उतारावरची:
एक शब्द हवाय, रविवारच्या आत मिळाला तर बरं. आमच्या इथे बागेत सकाळी ताईचीचा (तो संथ चिनी व्यायाम) ग्रुप जमतो, बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, मी शिकवायला मदत करते. सराव झाला की पाच मिनिटं लाओत्झू या जुन्या चिनी तत्त्वज्ञाच्या 'ताओ ते चिंग' पुस्तकातलं काहीतरी वाचायचं असं ठरलंय आणि ते मराठीत करून न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. गेल्या वेळी ६६वं प्रकरण नेलं, नद्या-समुद्र शेकडो दऱ्याओढ्यांचे राजे का, तर ते त्यांच्या खाली राहतात म्हणून. समजावताना मी म्हणून गेले, "म्हणजे बघा, नम्र व्हायचं." मग पुढचा फॉर्म (हालचालींचा ठरलेला क्रम) सुरू केला तर अर्ध्या लोकांच्या माना खाली, आणि एका आजोबांनी तर चक्क हात जोडलेले. आता ताईचीत मान खाली म्हणजे सगळंच बोंबललं, डोकं वरून दोऱ्याने टांगल्यासारखं सरळ हवं आणि वजन तेवढं खाली सोडायचं. त्यांची चूक नाही, शब्द माझाच चुकला. 'नम्रता' सोडून काय आहे?

खडूस_काका:
लोकांनी तुमच्यापेक्षा मराठी नीट ऐकलं 😄 नम्र हा नम् धातूवरून, नम् म्हणजे वाकणे. नमस्कार, नमन, दुसऱ्याला नमवणे, सगळी एकाच घरातली मंडळी. 'विनय'मध्ये वळण लावण्याचा, शिस्तीचा वास आहे. 'लीन' म्हणजे एखाद्यात विरून गेलेला, त्याला समोर देव नाहीतर गुरू लागतो. 'निगर्वी' म्हणाल तर तो फक्त काय नाही ते सांगतो, काय आहे ते सांगतच नाही.
आणि हो, हल्ली सगळे 'दाओ' लिहितात, तुम्ही ताओ लिहिताय, आधी ते एक ठरवा.

तैपेईकर:
काका, ताओच बरोबर आहे आणि यात आपली देवनागरी इंग्रजीपेक्षा सरस ठरते. तो उच्चार घोष नाही, म्हणजे आपला द नाही, आणि त्यात हकारही नाही, म्हणजे थ पण नाही. उरतो तो त. हल्लीच्या रोमन पद्धतीत तो 'डी'ने लिहितात म्हणून आपण दाओ वाचतो. जुन्या पद्धतीत 'टी' होता, इंग्रज लोक त्याचा हकार लावून थाओसारखं काहीतरी करायचे, आपण मात्र सरळ 'ताओ ते चिंग' वाचलं तर आपसूक जवळ पोचतो. उलट 'ताईची'तला पहिला उच्चार हकारवाला, म्हणजे खरं तर थायची. (आणि त्यातला 'ची' म्हणजे ती प्राणशक्तीवाली ची नव्हे, वेगळा शब्द आहे, पण तो वाद इथे नको.)

आता मुद्द्याचं. मूळ शब्द 'शिआ'. शिआ म्हणजे खाली, बास. जिना उतरायला शिआ, पाऊस पडायला शिआ, बसमधून उतरायला शिआ. ६६मध्ये तो क्रियापदासारखा येतो, म्हणजे समुद्र हा 'खाली असण्यात तरबेज' आहे असं. चांगला स्वभाव वगैरे काही नाही त्यात, फक्त जागा सांगितलीय. नम्रपणाला चिनीत वेगळा शब्द आहे, छिएन, ई चिंग या जुन्या चिनी शकुनग्रंथातल्या ६४ चिन्हांपैकी १५वं त्याच नावाचं. पण लाओत्झूच्या ८१ प्रकरणांत तो शब्द नाही. तिथे खाली, मागे, मऊ, रिकामं, असलेच शब्द. आणि हे मागाहून कोणी घुसडलेलं म्हणावं तर तसंही नाही, १९९३ साली हुपेइ प्रांतात क्वोतिएनच्या थडग्यात बांबूच्या पट्ट्या मिळाल्या, साधारण इ.स.पू. ३००च्या, त्यांत हे समुद्रवालं प्रकरण आहे.

खडूस_काका:
त्या १५व्या चिन्हाचं चित्र काय असतं?

तैपेईकर:
वर जमीन, खाली डोंगर. आणि तुमच्या धातूच्या हिशोबाने बघा, तो डोंगर वाकलेला नाही काका, उंची आहे तेवढीच आहे, फक्त जमिनीच्या खाली आहे.

उतारावरची:
अरे हे भारी आहे!! मला नेमकं हेच म्हणायचं होतं, ताठ पण खाली.

भाकरीवाली:
'पडतं घेणं'? आमच्या घरात तरी रोज कोणीतरी घेतंच, बहुतेक वेळा मीच 😑

उतारावरची:
ताई, मीही आधी तेच लिहिलं होतं पण पडतं घ्यायला आधी भांडण लागतं ना. समुद्राचं नदीशी भांडणच नाहीये.

भाकरीवाली:
हो ते बरोबर. मग 'कमीपणा घेणं'. यात एक गंमत आहे बघ, कमीपणा 'वाटला' की माणूस आतून खट्टू होतो, कमीपणा 'आला' की चारचौघांत नाक कापलं जातं, पण 'घेतला' की तो आपण होऊन, आणि त्यात घेणारा मोठाच ठरतो. माझे सासरे दोन भावांच्या वाटणीत म्हणाले होते, "जाऊदे, मी घेतो कमीपणा, विहीर त्याच्याकडे राहू दे." कोणाला पटलं नव्हतं तेव्हा. पुढे वीस वर्षं दोन्ही घरांची सगळी कार्यं आमच्याच अंगणात झाली, ते काका पण इथेच येऊन बसायचे, विहीर तिकडे आणि माणसं इकडे.

तैपेईकर:
जवळ आलात. पण 'कमी'मध्ये मोजमाप आलं, कोणापेक्षा तरी कमी.
एक सांगतो, ६१व्या प्रकरणात मोठ्या देशाला 'शिआ-लिउ' म्हटलंय, म्हणजे प्रवाहाचा खालचा भाग, जिथे सगळं येऊन मिळतं, कौतुकाने म्हटलंय. आजच्या चिनीत हाच शब्द शिवी आहे. ऑफिसात कोणी अश्लील जोक मारला की बायका म्हणतात, "शिआ-लिउ!" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं काहीतरी तत्त्वज्ञान चाललंय.

खडूस_काका:
आपल्याकडे 'नीच'चं तेच झालं. संस्कृतात मुळात नीच म्हणजे नुसतं खालचं, पत्रिकेत अजून ग्रह उच्चीचा किंवा नीचीचा असतो आणि त्याला कोणी शिवी मानत नाही. माणसाला लावला की मारामारी. हलका, खालच्या थराचा, सगळ्यांची तीच गत. खाली असणं चांगलं असू शकतं हे भाषेला फार दिवस पेलवत नाही बहुधा. त्यामुळे माणसाचा शब्द शोधूच नका, जमिनीचा शोधा.

खलाटीकर:
सखल.

खलाटीकर:
थोडं लिहितो आता, मघाशी रिक्षात होतो. 'सखल' हा शब्द अजून स्वच्छ आहे, कोणी कोणाला सखल म्हणून शिवी देत नाही. नुसती जागा सांगतो आणि पाणी कुठे जाणार तेही सांगतो, दर पावसाळ्यात बातमी असतेच, सखल भागात पाणी साचलं. आमच्या कोकणात किनाऱ्याकडची सखल पट्टी ती खलाटी आणि वरची डोंगराकडची वलाटी, वलाटीचे वहाळ खलाटीला येतात, खलाटीने कधी बोलावलेलं नसतं. ८व्या प्रकरणात पण तेच ना, लोकांना नकोशा जागी पाणी जाऊन राहतं म्हणून ते ताओच्या, म्हणजे त्या मूळ मार्गाच्या, जवळ.

उतारावरची:
सखल!!! सखल उभं राहा, सखल बसा. वा. घेतला.

आता लोभ सुटलाय तर दुसरा पण विचारते. जोडीचा सराव असतो, थुइ-शोउ, मनगटाला मनगट लावून उभं राहायचं आणि समोरच्याचं वजन कुठे चाललंय ते नुसत्या स्पर्शातून ओळखायचं. त्याला 'थिंग-चिन' म्हणतात, थिंग म्हणजे ऐकणं. जोर लावला की ऐकू येणं बंद, आपण जिंकायला गेलो की समोरचा माणूस हरवतोच, म्हणजे जाणवेनासा होतो. मी 'कानोसा घेणं' म्हणते पण लोक हसतात.

खडूस_काका:
हसणारच, कानोसा दाराआडून घेतात. 'चाहूल' म्हणाल तर ती लागते, घेता येत नाही, आणि ती यायच्या आधीची, इथे तर माणूस हाताला चिकटलेला आहे.

तैपेईकर:
च्वांगत्झू या दुसऱ्या ताओवादी ग्रंथात दोन तंतुवाद्यांची गोष्ट आहे, एक दिवाणखान्यात एक आतल्या खोलीत, इथे एक स्वर छेडला की तिथला तोच स्वर थरथरतो. आपल्या सतारीच्या तरफेच्या तारांसारखं, हात न लावता वाजतात त्या. 'झंकारणं' चालेल?

भाकरीवाली:
छान आहे पण बागेत नाही चालणार रे, बागेत कोण झंकारतंय सकाळी साडेसहाला. 'हाताला कळणं' म्हणा ना सरळ. मी भाकरीचं पीठ मळताना माप घेत नाही, ज्वारी नवी असली तर पीठ पाणी कमी मागतं, जुनी झाली की जास्त मागतं, आणि गरम पाण्याने उकड काढली तर वेगळंच. ते पीठ मागतं आणि हाताला कळतं. सुनेला शिकवताना ती जोर लावून रगडायची, मी म्हटलं हात हलका ठेव, ते काय म्हणतंय ते कळू दे आधी.

उतारावरची:
ताई, तुम्ही कधी ताईची केलीये का?

भाकरीवाली:
नाही ग, गुडघे दुखतात.

उतारावरची (रविवारी):
अपडेट. 'सखल' सांगितलं. माना सरळ राहिल्या, गुडघे सैल, सगळं मस्त. हात जोडणारे आजोबा फक्त मध्येच म्हणाले, "सखल म्हणजे हिंदमाता का?" (मुंबईतला तो पावसात पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्ध भाग) आणि पुढची दोन मिनिटं कोणीच स्थिर उभं राहू शकलं नाही. 'हाताला कळणं' सगळ्या बायकांना लगेच कळलं, पुरुषांना अजून समजावतेय.
आता 'सैल' आणि 'ढिलं' यात काय फरक सांगू? तिसऱ्या रांगेतले काका ढिले पडतात.