सिव्हिल इंजिनिअरिंग, पण थिऑलॉजी सक्तीची: मुलीला पाठवावं का?

मानपाड्याची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी बारावीला आहे. तिला अमेरिकेत व्हिलानोव्हाला सिव्हिलला प्रवेश मिळालाय, थोडी स्कॉलरशिपही आहे. विद्यापीठ कॅथलिक, ऑगस्टिनियन संघाचं. तिथे इंजिनिअरिंगच्या मुलांनाही पहिल्या वर्षी दोन्ही सेमिस्टर 'ऑगस्टिन अँड कल्चर' सेमिनार करावा लागतो, शिवाय थिऑलॉजी, म्हणजे ईश्वरशास्त्र. हे म्हणतात, फी इंजिनिअरिंगची भरायची आणि बायबल शिकायचं? आम्ही वारकरी घरातले, त्यामुळे सासूबाईंना वेगळीच धास्ती आहे. पोरीला मात्र जायचंच आहे. आपल्याकडे वाशीच्या अ‍ॅग्नेल इंजिनिअरिंग कॉलेजमध्येही असं असतं का?

वाशीकर_मेकॅनिकल
मी अ‍ॅग्नेलचाच. संस्था कॅथलिक, पण आम्हाला अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाचा होता. थिऑलॉजीचा पेपर नव्हता. त्यामुळे तिकडच्याशी तुलना करता येणार नाही.

नौपाडा_स्ट्रक्चरल
ताई, मी ठाण्यात जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करतो. त्या कामातून जे वाटतं ते सांगतो, जरा लांबेल.

आधी यजमानांच्या शंकेचं. अमेरिकेत इंजिनिअरिंग पदवीला अ‍ॅबेट या संस्थेची मान्यता बघतात. त्यांची अट गणित-विज्ञानाची किमान 30 आणि इंजिनिअरिंगची किमान 45 क्रेडिट्स अशी आहे. पदवी साधारण 120 ते 130 क्रेडिट्सची असते. उरलेल्या जागेत काय द्यायचं ते विद्यापीठ ठरवतं, आणि ह्यूमॅनिटीज तिथे बहुतेक ठिकाणी असतातच. नोटर डेम या दुसऱ्या कॅथलिक विद्यापीठातही थिऑलॉजीचे दोन कोर्स सगळ्यांना आहेत. स्टील डिझाइन कापून कुणी बायबल शिकवत नाही.

आता खरा मुद्दा. ऑडिटनंतर इमारत सी-1, सी-2-ए, सी-2-बी किंवा सी-3 या वर्गात जाते. सी-1 म्हणजे रिकामी करून पाडायची, पुढचे वर्ग कमी-जास्त दुरुस्तीचे. काँक्रीट किती भक्कम ते बघायला आम्ही रिबाउंड हॅमर लावतो, अल्ट्रासॉनिक चाचणी घेतो, कोअर म्हणजे काँक्रीटचा नमुना काढतो. पुष्कळदा आकडे सीमेवरचे येतात. सोसायटीतल्या एका गटाला पुनर्विकास हवा असतो, त्यांना सी-1 पाहिजे. दुसऱ्या गटात म्हातारी माणसं असतात, घर सुटलं तर परत मिळेल याचा भरवसा नसतो, त्यांना दुरुस्ती पाहिजे. दोघांचंही म्हणणं खरं असतं आणि सही मला करायची असते. आयएस 456 हे भारतीय मानक काँक्रीटचं सगळं सांगतं, पण या प्रसंगाचं कलम त्यात नाही.

शीळ-डायघरची इमारत 4 एप्रिल 2013 ला कोसळली, 74 माणसं गेली. आमच्या पेशातल्या कुणालाही ती तारीख विसरता येत नाही. तुमची मुलगी कॉलेजात कॅन्सस सिटीची 1981 ची दुर्घटना शिकेलच. हॉटेलातले दोन झुलते पूल वरखाली होते, ते एकाच लांब सळईवर टांगायचे होते. बांधताना दोन आखूड सळया वापरल्या. त्यामुळे वरच्या पुलाच्या नटवर दुप्पट भार आला आणि 114 माणसं मेली. तो हिशेब दुसऱ्या वर्षाचं पोरही करू शकतं. तो बदल पुन्हा तपासलाच गेला नाही.

ही थांबून विचारायची सवय कशी लागते? मी चाळिशीनंतर थॉमस अक्वायनस वाचायला घेतला, 13व्या शतकातला कॅथलिक विचारवंत. तो आधी प्रश्न मांडतो, मग विरोधकांचे आक्षेप, तेही पूर्ण ताकदीने. त्यानंतर स्वतःचं उत्तर, आणि शेवटी एकेका आक्षेपाला जबाब. आपल्या शास्त्रकारांचीही पूर्वपक्ष आधी मांडायची हीच रीत. माझ्या प्रत्येक रिपोर्टमागे आता तसं एक टिपण असतं: मी सी-1 म्हणतोय, तर त्याविरुद्ध सगळ्यात भक्कम मुद्दा कोणता?

हे अठराव्या वर्षी, छोट्या वर्गात, समोरासमोर वाद घालत शिकायला मिळणं मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या 2018 च्या नमुना अभ्यासक्रमात संविधान आणि भारतीय ज्ञानपरंपरा आहेत, पण बिनक्रेडिटचे. क्रेडिट नसलं की मुलं हजेरीपुरती बसतात. तिथे निबंध लिहावा लागेल, मार्क पडतील.

वसईची_लेक
आम्ही वसईचे ख्रिस्ती, आता कोपरीत राहतो. सासूबाईंना सांगा, विद्यापीठातली थिऑलॉजी म्हणजे चर्चमधलं धर्मशिक्षण नव्हे. वाचलेलं समजलं का, मुद्देसूद मांडता येतं का, एवढंच बघतात. आणि मोठ्या माणसाला बाप्तिस्मा हवा असेल तर तो त्याने स्वतः मागावा लागतो, तयारीला कित्येक महिने जातात. 1965 मध्ये व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयी जे निवेदन काढलं, त्यात हिंदू धर्माचा आदराने उल्लेख आहे. तेच वाचून दाखवा त्यांना. आणखी एक, पोप लिओ चौदावे 1977 मध्ये व्हिलानोव्हातूनच गणिताचे पदवीधर झाले.

मानपाड्याची_आई
खूप आभार. सासूबाईंना आजच वाचून दाखवते. दादा, पैसे भरण्याआधी विद्यापीठाला काय विचारू?

नौपाडा_स्ट्रक्चरल
चार वर्षांचा सेमिस्टरवार तक्ता मागा. स्टॅटिक्स, म्हणजे स्थिर वस्तूंवरच्या बलांचा विषय, कधी आहे ते बघा, त्यावर पुढचे विषय अवलंबून असतात, ते मागे पडलं तर वर्ष लांबतं. स्कॉलरशिप चारही वर्षं आहे का आणि किती जीपीएची अट आहे, हे लेखी घ्या. राहतं घर गहाण टाकून कर्ज काढावं लागणार असेल तर मात्र मी नको म्हणेन. तसं असेल तर तिने इथेच सिव्हिल करावं. वाचायला काय घ्यायचं ते मी सांगेन, दर रविवारी बसायचीही माझी तयारी आहे.