'ऑटोमॅटिक', 'गिअरलेस', 'बिनक्लच' : कुठल्या गाडीला काय म्हणावं?

प्रश्न :
जुन्या मोटारी आणि मोटारसायकलींवरचा एक मजकूर मराठीत आणतोय. माझ्याआधी ज्यांनी हात लावला त्यांनी 'ऑटोमॅटिक ट्रान्समिशन'ला सगळीकडे 'स्वयंचलित पारेषण' लिहून ठेवलंय. ते वाचलं की माझ्या डोळ्यापुढे महापारेषणचे मनोरे येतात. दुसरा शब्द आहे का? की सरसकट 'गिअरलेस' लिहू?

प्रतिसाद :
'पारेषण' विजेकडेच राहू द्या. 'गिअरबॉक्स' गॅरेजवाल्यापासून आजीपर्यंत सगळ्यांना कळतो, तो घ्या. 'दंतचक्रपेटी'च्या वाटेला जाऊ नका. दंतचक्र म्हणजे ते दातेरी चाक, तेवढ्यापुरता शब्द उत्तम. पण 'गाडी दुसऱ्या दंतचक्रात टाकली' असं कोणी म्हणत नाही.

'स्वयंचलित'ची अडचण वेगळी. घोडा न जुंपता चालते म्हणून मोटार मुळातच स्वयंचलित. त्यात आता चालकाविना धावणाऱ्या गाडीलाही वर्तमानपत्रं हाच शब्द वापरतात. म्हणून विशेषण गाडीला न लावता गिअरबॉक्सला लावा : 'स्वयंचलित गिअरबॉक्सची मोटार'. ओघात लिहायचं असेल तर 'आपोआप गिअर बदलणारी' यासारखं दुसरं काही नाही.

'गिअरलेस' मात्र सरसकट नको. त्याआधी त्या गाडीत चालकाचं नेमकं कुठलं काम वाचलंय ते पाहा. कामं दोन : क्लच दाबणं-सोडणं, आणि कुठला गिअर हवा ते ठरवून टाकणं. सुरुवातीच्या कित्येक 'ऑटोमॅटिक' गाड्यांत यातलं एकच काम सुटलं होतं.

प्रश्नकर्ता :
उदाहरणं देता का? मजकुरात फोर्ड मॉडेल टी, हायड्रामॅटिक आणि होंडाच्या काही दुचाक्या आहेत.

प्रतिसाद :
मॉडेल टी (१९०८) 'ऑटोमॅटिक' नाही, कुठल्याच अर्थाने नाही. डावं पेडल पूर्ण दाबलं की लो, अर्ध्यावर न्यूट्रल, सोडलं की हाय. मधलं पेडल रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं, आणि अॅक्सिलरेटर हाताने. ग्रहमालेसारखी फिरणारी चाकं आत असल्यामुळे गिअर कुरकुरत नसत, पण निवड सगळी पायाची. तिला 'पेडलवर गिअर बदलणारी' म्हणा.

त्याच सुमारास, १९०४ मध्ये, बॉस्टनच्या स्टर्टिव्हंट बंधूंनी खरोखर आपोआप बदलणारा गिअरबॉक्स केला होता. इंजिनाचा वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जाऊन वरचा गिअर पकडायचा. कल्पना बरोबर, पण चालली नाही. 'पहिला' हा शब्द लिहिताना म्हणून जपून.

हायड्रामॅटिकला 'ऑटोमॅटिक' म्हणायला हरकत नाही, तोच त्या शब्दाचा खरा धनी. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबीलवर तो दिला. पुढे जाण्याचे चार गिअर आणि क्लचचं पेडल गायब. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलात समोरासमोर ठेवलेले दोन पंखे : एक फिरला की तेल दुसऱ्याला फिरवतं. ही युक्ती हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची, १९०५ च्या पेटंटमधली, आणि तीही जहाजांसाठी. पण पंख्यांनी फक्त क्लचचं काम सुटलं. गिअर कधी बदलायचा ते ठरवतं तेलाचं दडपण. गाडीचा वेग वाढला की गव्हर्नरकडून (वेगाप्रमाणे दडपण ठरवणारा भाग) येणारं दडपण वाढतं, पाय जास्त दाबला की थ्रॉटलकडून येणारं. एका झडपेच्या दोन टोकांना ही दोन्ही दडपणं येतात आणि जो जिंकेल त्याप्रमाणे गिअर चढतो किंवा उतरतो. म्हणून चढावर पाय दाबून धरला की तो वरचा गिअर उशिरा टाकतो. वीज नाही, संगणक नाही, नुसतं तेल. एवढं सगळं करणाऱ्या गिअरबॉक्सला 'गिअरलेस' म्हणणं म्हणजे त्याच्या मेहनतीवर पाणी ओतणं!

एक सावधगिरी. भाषांतरात 'पी म्हणजे पार्क' (दांड्याची गाडी जखडून ठेवणारी जागा) लिहिणार असाल तर तपासा. सुरुवातीच्या हायड्रामॅटिकला पार्क नव्हतंच. इंजिन बंद करून दांडा रिव्हर्सला टाकायचा, गाडी तिथेच जखडायची.

दुसरा प्रतिसाद :
होंडाचं मी सांगतो. सुपर कब (१९५८) 'ऑटोमॅटिक' म्हणून खपते, पण तिच्यात आपोआप काम करतो तो क्लच. गिअर तीन, आणि ते टाकायचे पायानेच. डाव्या हाताला क्लचचा लिव्हर नाही इतकंच. तिला 'बिनक्लचची' म्हणावं. आपल्याकडची हीरो होंडा स्ट्रीट त्याच घराण्यातली. आणखी गंमत म्हणजे १९७६ ची सीबी ७५० ए. नावात 'ए', आत मोटारीसारखा टॉर्क कन्व्हर्टर (तेलातल्या त्या पंख्यांचाच सुधारलेला प्रकार), पण लो आणि हाय हे दोन गिअर बदलायचे चालकाच्याच पायाने. एक वर्ष आधी आलेल्या मोटो गुझीच्या 'कन्व्हर्ट'चीही तीच तऱ्हा. कंपनीने दिलेलं नाव म्हणजे वर्णन नव्हे.

प्रश्नकर्ता :
म्हणजे 'गिअरलेस' कुठेच नाही का? मोटार वाहन कायद्यातसुद्धा 'विदाउट गिअर' असा वेगळा वर्ग आहे की.

प्रतिसाद :
कायद्याला गिअर टाकावा लागतो की नाही एवढंच पाहायचंय, आत काय आहे त्याच्याशी घेणंदेणं नाही. तंतोतंत अर्थाने गिअरलेस हवी असेल तर जुनी लूना. एकच वेग, बदलायला दुसरा गिअरच नाही.

१९८४ ला आलेल्या कायनेटिक होंडाने मात्र हा शब्द आपल्या तोंडी बसवला. तिच्यात उलट प्रकार : गिअर नाहीत ते पायऱ्या नाहीत म्हणून. पुढच्या पुलीत रोलर असतात. वेग वाढला की ते बाहेर सरकतात, पुलीच्या दोन बाजू जवळ येतात आणि पट्टा वर चढतो. मागच्या पुलीत तोच पट्टा आत बसतो. दोन गिअरांमध्ये उडी नाही, सलग सरकणं आहे. हॉलंडच्या डाफ ६०० या मोटारीत १९५८ पासून हेच होतं, त्याला व्हेरिओमॅटिक म्हणत. रिव्हर्ससाठी फक्त दिशा बदलायची, त्यामुळे ती मागे पुढच्याइतक्याच वेगाने धावायची. याला मी 'बिनपायरीचा गिअर' म्हणेन. 'सतत परिवर्ती' वगैरे पाठ्यपुस्तकात बरं.

बोलताना 'गिअरलेस स्कूटर' खुशाल म्हणा, रुळलेला शब्द आहे. लेखात मात्र तो डाफ किंवा हायड्रामॅटिकला लावू नका.

दुसरा प्रतिसाद :
'बिनपायरीचा' वाचून लोक जिना शोधतील :) मी 'पट्ट्याचा गिअरबॉक्स' लिहीन. गॅरेजमध्ये 'बेल्ट गेला' असंच ऐकू येतं.

प्रश्नकर्ता :
'पट्ट्याचा' पक्का. हायड्रामॅटिकला 'आपोआप गिअर बदलणारा', सुपर कबला 'बिनक्लचची' आणि मॉडेल टीला 'पेडलवर गिअर बदलणारी' लिहितो. 'पार्क'ची ओळ आत्ताच मजकुरातून काढली.