ऑनलाइन विषयात चर्चेला गुण ठेवावेत का?

फळा_खडू:
आमच्या कॉलेजात ऑनलाइन विषयाला १०० पैकी १० गुण 'सहभागा'चे ठेवायचं घाटतंय. दर आठवड्याला मुलांनी एक पोस्ट टाकायची, दोघांना उत्तर द्यायचं. माझा विरोध आहे. गेल्या वर्षी एका विषयात हेच करून झालं. प्रश्न होता, सिग्नलला टायमर बरा की सेन्सर? एका मुलीने स्वारगेटच्या चौकात उभं राहून पाहिलेलं चार ओळींत झकास लिहिलं. त्याखाली 'नाइस पॉइंट', 'आय ॲग्री', 'व्हेरी इन्फॉर्मेटिव्ह' यांची रांग. सगळी रविवारी रात्री अकरानंतरची, कारण बाराला मुदत संपायची. तिला एकानेही विचारलं नाही की बाई, सेन्सर बंद पडला तर काय?

त्यापेक्षा एकट्याने पुरंच होणार नाही असं काम द्यावं. संख्याशास्त्राला मी कांद्याचे भाव दिले होते. ज्याने त्याने जवळच्या बाजार समितीचा क्विंटलचा दर सामायिक शीटमध्ये भरायचा आणि सगळ्यांचे आकडे घेऊन सरासरी, विचलन काढायचं. सोलापूरचा दर लासलगावच्या कितीतरी वर दिसायला लागला. मग जुंपली! शेवटी एका मुलाने शोधलं की सोलापूरवाला कमाल दर भरतोय आणि बाकीचे सर्वसाधारण. मला मध्ये पडावंच लागलं नाही.

पेपर_तपासनीस:
असहमत. गुण नसतील तर मुलं फिरकत नाहीत, हे आपण दोघंही जाणतो. एनपीटेलमध्ये, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्समध्ये, असाइनमेंटला २५ टक्के, परीक्षेला ७५ टक्के. त्या २५ साठी मुलं दर आठवड्याला बसतात. चर्चेला शून्य, म्हणून तिथे 'हॉल तिकीट कधी?' यापलीकडे काही नसतं. हे कोर्स ज्या सरकारी व्यासपीठावर चालतात त्या स्वयमच्या रचनेत व्हिडिओ, वाचनसाहित्य आणि चाचणीच्या बरोबरीने चर्चेची जागा पहिल्यापासून आहे. नुसती जागा असून काय उपयोग? शिवाय वर्गात तोंड न उघडणारी मुलं लिहून बोलतात. त्यांना गुण का मिळू नयेत? आणि मॅडम, कांदा साठ जणांना जमतो. तीनशेंची शीट कोण निस्तरणार?

रात्रपाळी:
दोघांनाही विरोध. मी चाकणला कारखान्यात आहे, पाळी दर आठवड्याला बदलते. रेकॉर्डेड कोर्स घेतला तो कुणाची वाट बघायला लागू नये म्हणून. आता गटात चौघं, दोघं गायब, तिसरा रात्री नऊला कॉल लावा म्हणतो तेव्हा मी मशीनवर. एका कोर्समध्ये सहाध्यायीच एकमेकांना गुण द्यायचे. माझ्या अहवालाला एकाने पैकीच्या पैकी दिले, शेरा 'गुड'. दुसऱ्याने शून्य, शेऱ्याच्या चौकटीत नुसतं टिंब. याला संवाद म्हणायचं?

बॅकबेंचर:
चर्चा होते मॅडम, तुमच्यासमोर होत नाही. ती टेलिग्रामवर होते. उत्तरंही फिरतात, नाकारत नाही. पण परीक्षेच्या आदल्या रात्री तिथेच कुणीतरी संभाव्यतेतलं बेझचं प्रमेय मराठीत व्हॉइस नोटवर समजावतं आणि पोरं उलट प्रश्न विचारतात. अधिकृत जागी इंग्रजीत लिहायचं, व्याकरण चुकलं की स्क्रीनशॉट वर्गभर. कोण लिहील?

पेपर_तपासनीस:
भाषेचं म्हणणं मान्य. उत्तरं फिरवण्याचं नाही.

उंटावरून:
जरा मागे जाऊ. २००८ मध्ये कॅनडात मॅनिटोबा विद्यापीठाने सीमेन्स आणि डाऊन्स या दोन शिक्षणतज्ज्ञांचा एक कोर्स सगळ्यांना खुला केला. फी भरणारे पंचवीसेक, फुकट आलेले दोन हजारांवर. लोक आपापल्या ब्लॉगवर लिहायचे, एकमेकांचं वाचायचे. पण विषयच जाळ्यांतून ज्ञान कसं घडतं हा होता; बोलायची हौस असलेलेच आले असणार. सक्तीचा विषय घेतलेल्या पोरांकडून तीच अपेक्षा ठेवणं मला पटत नाही.

फळा_खडू:
@पेपर_तपासनीस, गुण द्या, पण पोस्ट मोजून नको. शीटमधली दुसऱ्याची चूक पुराव्यासह दाखवली की गुण. तीनशे असतील तर जिल्ह्यांनुसार गट पाडा. @रात्रपाळी, शीटला वेळ नसतो, पहाटे तीनला भरा. कॉलची सक्ती मलाही नको.

रात्रपाळी:
शीट चालेल. गटाचे गुण माझ्या गळ्यात नकोत.

बॅकबेंचर:
मराठीत लिहू द्या. आणि मुदत बुधवारची नको, त्या रात्री एनपीटेलची असते.