हातचे दागिने : फोटो, लिंका आणि झालेल्या फजित्या

परवा मी तांब्याच्या तारेत गुंडाळलेल्या डुलांचा फोटो टाकला. 'मस्त', 'सुरेख', 'किती गोड' असं भरपूर आलं. मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू. पण कामाचा प्रश्न एकीनेच विचारला, "हूक कितीच्या तारेचा? आणि कानात घालून बघितलात का?" नव्हता घातला. घालायला गेले तर जाईना.

झालं होतं असं, की ज्या साइटवर बघून केले ती अमेरिकन. त्यांची २० गेज तार (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर) ०.८ मिमीची. माझ्याकडची २० गेज ब्रिटिश मापाची, म्हणजे ०.९ मिमीच्याही वर. एवढ्याशा फरकाने काय होतंय, असं वाटतं; कानाच्या भोकाला विचारा. वर तारेचं टोक कापून तसंच सोडलेलं, कानशीने घासून गोल केलं नव्हतं. आता मी गेज लिहीतच नाही, सरळ मिमी लिहिते.

तर हा चर्चेचा धागा त्यासाठी. केलेलं दाखवा, कुठे बघून शिकलात ते सांगा, पण नुसती लिंक चिकटवून पळू नका. तिथलं काय जमलं, काय फसलं, सांगणाऱ्याने कुठे हातचं राखलंय, तेही लिहा. फसलेल्या वस्तूंचे फोटो आधी.

*

मग माझा नंबर पहिला. पॉलिमर क्लेचे मणी. साइटवर '२७५ अंशांवर भाजा' एवढंच. ते फॅरनहाइट होतं, म्हणजे १३५ सेल्सिअस. माझा ओव्हन २५०च्या पुढे जातच नाही. म्हटलं, चला, थोडं कमी तर कमी! दहा मिनिटांत असा वास सुटला की खिडक्या उघडून सगळे बाहेर. नावाला क्ले, पण ही माती नसतेच, पीव्हीसी असतं. करपलं की धूर घशाला झोंबतो. पांढरी फुलं ठेवली होती, निघाली काळी आणि फुगलेली. एक जपून ठेवलंय, ओव्हनच्या डोक्यावर. पुढे आत ठेवायचा थर्मामीटर आणला तेव्हा कळलं, बटण १३०वर असलं तरी आत १५० असतात. क्लेच्या पाकिटावरचं तापमान आधी वाचा, साइटवरचं नंतर.

*

'थोडं कमी तर कमी' वाचून हसता हसता मण्यांची डबी उपडी झाली. ११ नंबर आणि १५ नंबर, दोन मापांचे मणी एकत्र. निवडत बसलेय.

*

मैत्रिणीला झुमके करून दिले. तिने आठवडाभर हौसेने घातले आणि कान सुजले. बोलली नाही बिचारी, मलाच पाळीला लावलेलं मलम दिसलं. सूज हुकातल्या निकेलची असावी, पण हूक जिथून मागवले तिथे तर 'निकेल फ्री' असं ठळक अक्षरांत होतं. मग डायमिथाइलग्लायॉक्झाइमची चाचणी मागवली. नाव लांबलचक, काम सोपं : कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब, धातूवर अर्धा मिनिट घासायचं, बोळा गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. माझा असा झाला की झुमक्याला मॅचिंग! युरोपात टोचलेल्या भोकात जाणाऱ्या भागाला कायद्याची मर्यादा आहे, दर चौरस सेंटीमीटरमागे आठवड्याला ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी. म्हणजे 'अजिबात नाही' असं तिथला कायदाही म्हणत नाही. मी आता टायटॅनियमचे किंवा नायोबियमचे हूक वापरते, आणि फोटोखाली हूक कशाचा हे लिहिते. झुमका कितीही देखणा असो, कानात जातो तो हूक.

*

लिंकांबद्दल माझं एक रडगाणं. मण्यांची वेणी शिकवणारं एक अप्रतिम पान होतं, पायरीपायरीचे फोटो. २०१७ साली फोटो साठवणाऱ्या एका सेवेने बाहेर फोटो दाखवायचे पैसे मागायला सुरुवात केली आणि त्या पानावर चित्रांच्या जागी राखाडी चौकोन उरले. 'आता फोटोत दाखवल्याप्रमाणे दोरा फिरवा.' कुठला फोटो, कुठला दोरा! वेबॅक मशीनमध्ये (तिथे जुनी वेबपानं साठवलेली असतात) जुनी प्रत शोधली, तेव्हा ११पैकी ७ चित्रं मिळाली. बाकीची वेणी अंदाजाने. (ती जराशी तिरकी आहे, पण आता ती माझी आहे.) तेव्हापासून मी काही दाखवायचं असलं की प्रत्येक फोटोखाली हाताची हालचाल शब्दांत लिहिते. फोटो गेला तरी वाक्य राहतं.

*

धातूकाम करणाऱ्यांसाठी : गॅनॉक्सिन. १९९६पासूनची साइट आहे, दिसायला रुक्ष, पण माझं सोल्डर (सांधा जोडायला वितळवतात तो धातू) का वाहत नाही याचं उत्तर तिथे मिळालं. मी ज्योत सोल्डरवर धरत होतो. सोल्डर उष्णतेकडे धावतं, म्हणून तापवायचा दागिना, सगळीकडून सारखा. तीन अंगठ्या वितळवल्यावर हे वाचलं.

*

फोटो चोरीला गेल्याचा अनुभव लिहू का? एका विक्रीच्या साइटवर माझंच ब्रेसलेट दिसलं. दुसऱ्याच्या नावाने. ओळखलं कशावरून, तर कोपऱ्यात माझा अंगठा होता, चिकटपट्टीसकट. सुई घुसली होती त्या दिवशी. मूळ फोटोची फाइल तारखेसकट जपलेली, ती जोडून साइटकडे तक्रार केली आणि फोटो उतरला. आता लोक सांगतात, फोटोवर नाव टाका. टाकते, पण अंगठाही ठेवते.

याला जोडून एक चिडचिड : पियोट ही मण्यांची वीण सगळ्यांची, पण कुणी बसवलेला नमुना त्याचाच. विकत घेतलेल्या नमुन्याची पीडीएफ 'शेअरिंग' म्हणून इथे टाकू नका.

*

मी वाती वळाव्यात तशा मोत्यांच्या मधल्या गाठी वळणारा माणूस. निवृत्तीनंतरचा उद्योग. दोन मोत्यांमध्ये गाठ असली की दोरा तुटला तरी एकच मोती घरंगळतो, बाकीचे जागेवर. माझ्या गाठी मात्र मोत्यापासून लांब बसायच्या, माळ दात पडल्यासारखी दिसायची. फोटो टाकला. एका ताईंनी लिहिलं, "काका, गाठ ओढण्याआधी फासात सुई घाला, सुईनेच तिला मोत्यापर्यंत सरकवत न्या, अगदी टेकली की मग सुई काढून ओढा." त्या एका वाक्यासाठी मी चार व्हिडिओ पाहिले होते. सगळ्यांत नेमक्या त्या क्षणी बोटं आड येतात.

माळ काल पुरी झाली. फोटो सकाळी खिडकीतल्या उजेडात काढून टाकतो. डावीकडच्या सातव्या गाठीकडे बघू नका, तेव्हा फोन वाजला होता.