चाळीतला कांदा, घरातला कांदा

निर्यातबंदीने कांदा स्वस्त होतो आणि ग्राहकाचं भलं होतं, असं नेहमी म्हटलं जातं; मला ते अर्धंच पटतं. ८ डिसेंबर २०२३ पासूनची बंदी ४ मे २०२४ ला उठली, तीही ४० टक्के निर्यातशुल्क ठेवून. हिवाळ्यात निघणारा लाल कांदा टिकत नाही. भाव पडला तरी शेतकऱ्याला तो लासलगावच्या बाजारात न्यावाच लागतो. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, राहतो, पण तिथेही सड, कोंब, वजनातली घट आहेच. (हा तोटा कुठल्याच बिलात दिसत नाही.) आणि आपण? स्वस्त म्हणून पाच किलो आणतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत तसाच बांधून ठेवतो. आठवड्याने बघावं तर तळातल्या कांद्यांना पाणी सुटलेलं. आमच्याकडे आता दोनच किलो येतो, टोपलीत मोकळा, बटाट्यांपासून लांब.