शेजारच्या कुत्र्याची साखळी : आज दुपारपर्यंत सांगा

प्रेषक : सौ. ज.

नमस्कार मंडळी,

शेजाऱ्यांनी दिवसभर साखळीने बांधून ठेवलेला तोच कुत्रा. आपल्या मंडळाच्या बैठकीत जे होते त्यांना सगळं माहीत आहे, म्हणून पुन्हा पहिल्यापासून लिहीत नाही.

आज सकाळी साखळीने खांबाला पाच वेढे घेतले आहेत. खिडकीतून मोजले. मोकळी उरली आहे जेमतेम हातभर. पाण्याची बादली तिथून चार बोटं लांब. तो पुढचा पाय ताणतो, नख बादलीच्या कडेला लागतं आणि बादली आणखी पुढे सरकते. हे त्याने माझ्या डोळ्यांदेखत तीनदा केलं, मग बसून राहिला. अकरानंतर त्या कोपऱ्यात ऊन येतं. शेजाऱ्यांची गाडी सकाळी सहाला जाते ती रात्री नऊला परत येते.

प्रश्न एकच आहे. मी फाटक उघडून आत जाऊन वेढे सोडवू का? आमच्या घरी नको म्हणतात. पण बघवत नाही हो.

प्रेषक : पु. काका

जयूताई, आत अजिबात जाऊ नका. बांधलेल्या कुत्र्याला पळायला जागा नसते, त्यामुळे घाबरला की तो चावतोच. स्वभावाने गरीब असला तरी. तुम्ही खांबाभोवती वाकणार, म्हणजे तुमचा चेहरा त्याच्या तोंडाशी येणार. आणि दुसऱ्याच्या आवारात न विचारता शिरलात तर उद्या तक्रार त्यांची होईल, कुत्रा राहील बाजूला.

बागेचा पाइप कुंपणावरून टाकून बादली भरा ना.

प्रेषक : सौ. ज.

काका, बादली भरलेलीच आहे. तीच तर अडचण आहे. पोचत नाही तो.

प्रेषक : मागच्या कार्यकारिणीचे सचिव

सर्वांना विनंती. मंडळाच्या लेटरहेडवर शेजाऱ्यांना पत्र पाठवण्याचा विषय बैठकीत निघाला होता आणि तिथेच थांबला होता. पार्किंगच्या वादाच्या वेळी आपण मंडळाच्या नावाने पत्र दिलं आणि पुढचे आठ महिने काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. ते निस्तरायला मी होतो. ज्यांना तक्रार करायची आहे त्यांनी स्वतःच्या नावाने करावी. मंडळाचं नाव वापरायचं तर कार्यकारिणीचा ठराव लागतो.

प्रेषक : अ. (वार्तांकाचं काम)

दादा, लेटरहेड आज कोणीच मागितलेलं नाही. जयूताई पाण्याबद्दल विचारत आहेत.

ताई, कुंपण खालून उचललेलं आहे का? असेल तर उथळ ट्रे खालून आत सरकवा. झाडूच्या दांड्याने ढकला, हात आत घालू नका. दांडा हळू न्या, उगारल्यासारखा वाटला तर बिथरेल. ट्रे जड हवा, हलका असला तर पाय मारून उलटवेल.

प्रेषक : पु. काका

दांड्याची कल्पना चांगली आहे. आमच्या जुन्या घराशेजारी असाच एक होता, तांबूस, एका कानाने पडलेला. आम्ही दोन वर्षं त्याला कुंपणावरून खायला टाकलं आणि समजत राहिलो की आपण त्याचं भलं करतोय. मालकाने मग खायला घालणंच सोडलं, कारण शेजारी घालतात. आम्ही सुट्टीला महिनाभर गेलो. परत आलो तेव्हा तो नव्हता. अजून मनात आहे ते. त्यामुळे पाणी द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. प्राण्यांच्या छळाच्या तक्रारी घेणाऱ्या खात्याला फोन आजच करा.

प्रेषक : डॉ. मे.

जनावरांच्या दवाखान्यातून लिहिते आहे, मधल्या वेळात.

पाणी सगळ्यात आधी. कुत्र्याला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं. जयूताईंच्या फोटोवरून हा पंचवीसेक किलोचा असावा, म्हणजे दीड लिटरच्या आसपास, उन्हात त्याहून जास्त. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या गाद्यांना थोडासा येतो. उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः धापा टाकून, आणि त्यात अंगातलं पाणी जातं. त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियस असतं, ४१ च्या वर गेलं की जिवावर बेतू शकतं. जोरजोरात धापा, घट्ट चिकट लाळ, झोकांड्या, उलटी यांतलं काहीही दिसलं तर रात्री नऊची वाट बघायची नाही. लगेच फोन करायचा आणि "जनावर आत्ता धोक्यात आहे" हेच शब्द वापरायचे.

खायला काही टाकू नका. किती दिवस उपाशी आहे आपल्याला माहीत नाही. बरेच दिवस उपाशी असलेल्या जनावराला एकदम पोटभर घातलं तर रक्तातल्या क्षारांचं प्रमाण कोसळतं, जीवही जाऊ शकतो. घरातलं उरलंसुरलं तर नकोच. कांदा आणि बेदाणे कुत्र्याला विषारी असतात.

बारीक आहे की खंगला आहे हे कसं ओळखायचं, असं बैठकीत कोणी तरी विचारलं होतं. मूठ वळून बोटांच्या मागच्या उंचवट्यांवर दुसरा हात फिरवा. बरगड्या हाताला तशा लागल्या तर कुत्रा खंगलाय. आपला हात सरळ पसरून त्याच्या मागच्या बाजूवरून दुसरा हात फिरवल्यावर जसं लागतं तशा बरगड्या लागल्या तर ठीक. लांबून मात्र बरगड्या, कंबरेची हाडं आणि कणा दिसतोय का एवढंच बघा.

ताई, गळ्याजवळचा एक फोटो जवळ आणून पाठवाल? पट्ट्याखाली काही तरी ओलं दिसतंय.

प्रेषक : नवीन सभासद (मागच्या महिन्यापासून)

माफ करा, मध्ये बोलतो आहे. कुत्रा बाहेर बांधला म्हणजे लगेच छळ असं म्हणता येईल का? त्यांना कामावर जावं लागत असेल. लोखंडी तार दोन खांबांमध्ये उंचावर ताणून तिच्यावर कडी सोडली तर साखळी सरकते, वेढे बसत नाहीत. दोन्ही टोकांना खांबाच्या अलीकडे अडकण ठेवायचं आणि पट्ट्यापाशी फिरती कडी लावायची. मी लावून देऊ शकतो, सामान माझ्याकडे आहे.

प्रेषक : अ. (वार्तांकाचं काम)

बांधणं आणि बांधून सोडून देणं यात फरक आहे. आपल्या भारतातल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही, ज्याच्यासाठी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत पाठपुरावा केला, कलम ११ मध्ये हे स्पष्ट आहे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला मालकाने न फिरवणं, पुरेसं अन्नपाणी आणि निवारा न देणं, या सगळ्याला तिथे क्रूरताच म्हटलं आहे. मारहाण झालीच पाहिजे असं नाही.

प्रेषक : डॉ. मे.

तारेची कल्पना वाईट नाही, पण पंधरा तास एकटा तो तारेवरही नको. ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रॅम्बेल समितीने शेतीतल्या जनावरांसाठी अगदी किमान म्हणून पाच गोष्टी मागितल्या होत्या : उभं राहता यावं, आडवं होता यावं, वळता यावं, अंग स्वच्छ करता यावं, हातपाय ताणता यावेत. पाच वेढ्यांनंतर या कुत्र्याला धड वळताही येत नाही.

प्रेषक : मागच्या कार्यकारिणीचे सचिव

तार मालकाच्या परवानगीशिवाय लावता येणार नाही, हे लक्षात असू द्या. मी लेटरहेडबद्दल लिहिलं ते कुत्र्याच्या विरोधात नव्हतं. तक्रारीत तारीख-वेळ घातलेली नोंद लागते. गाडी कधी गेली, कधी आली, किती वेढे होते, पाणी कुठे होतं, ऊन किती वाजता आलं. "नेहमीच असं असतं" लिहिलं तर कोणी हलत नाही. पार्किंगच्या वेळी आपलं तिथेच चुकलं. जयूताईंनी तोंडी सांगावं, मी तक्ता करून देतो.

प्रेषक : सौ. ज.

ट्रे गेला आत. दांड्याने तिसऱ्या प्रयत्नात. आधी मागे सरकला, खांबाला चिकटून उभा राहिला. मी घरात गेले तेव्हाच पुढे आला. मग इतका वेळ पीत होता की मला भीती वाटायला लागली. त्याच ट्रेमध्ये पाइपने पुन्हा भरलं.

डॉक्टर, गळ्याचा फोटो पाठवलाय. मान खाली घातली तेव्हा मिळाला.

प्रेषक : डॉ. मे.

बघितला. पट्टा कातडीत रुतला आहे. नीट बसलेल्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जातात, इथे कडाच दिसत नाहीये. लहानपणी घातलेला पट्टा कोणी सैल केला नाही की हे होतं, कुत्रा वाढतो आणि पट्टा तेवढाच राहतो. हा कोणीही, मालकानेसुद्धा, घरी ओढून काढायचा नाही. भूल देऊन कापावा लागतो.

आता मालकाशी आधी बोलावं का, हा प्रश्नच उरला नाही. फोन करा. हा फोटो आणि नोंदी त्यांना द्या. मी लेखी मत देते, माझ्या स्वतःच्या नावाने.

प्रेषक : सौ. ज.

फोन केला. चार वाजता निरीक्षक येऊन गेल्या. त्यांनी कुंपणाबाहेरूनच पाहिलं, फोटो काढले, मालकाला कामावर फोन लावला. मालक साडेपाचला आले. आवाज चढला नाही. पट्ट्याचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं म्हणाले, केसांमुळे. खरं-खोटं मला कळत नाही. निरीक्षकांसमोर त्यांनी वेढे सोडवले, तर कुत्रा तिथेच उभा राहिला, पुढे जाता येतं हे त्याला समजेना.

आज रात्रीच दवाखान्यात न्यायचं असं निरीक्षकांनी लिहून दिलंय आणि आठवड्याने पुन्हा येणार आहेत. मालक म्हणाले, दिवसा कोणी फिरवणार असेल तर त्यांची हरकत नाही. ते मी त्यांच्याकडून लिहून घेतलं.

सोमवार, बुधवार मी करते. जखम भरेपर्यंत गळ्यात काही घालायचं नाही, छातीवरून बांधायचा पट्टा लागेल. पंचवीस किलोच्या कुत्र्याला बसेल असा कोणाकडे आहे का? आणि मंगळवार, गुरुवार, शुक्रवार कोण?

प्रेषक : पु. काका

गुरुवार माझा. शुक्रवारही लिहा.