निदान लिहिलेलं नाही, पण रिपोर्टमध्ये आहे

डिस्चार्ज कार्डांवरची निदानं एकत्र केली की कुणाला किती जुनाट आजार आहेत ते कळेल, असं सुचवलं जातं. पण त्यातून मूत्रपिंडाचे बरेच रुग्ण निसटतील, कारण त्यांचं निदान कुणी लिहिलेलंच नसतं.

माझ्या फोंड्याच्या आत्याचंच घ्या. वय 70, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ) 1.1, रिपोर्टवर ते जास्त असल्याची कसलीही खूण नाही. पण वय आणि लिंग धरून हिशेब केला तर ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड रक्त किती गाळतं याचा अंदाज, 54 च्या आसपास येतो. तो तीन महिन्यांहून जास्त काळ 60 च्या खाली राहिला, तर तो मूत्रपिंडाचा जुनाट आजारच. म्हणजे कमीत कमी दोन रिपोर्ट हवेत, मध्ये अंतर हवं आणि दोन्ही एकाच बाईचे आहेत हे कळायला हवं. आत्याचा एक रिपोर्ट आरोग्य केंद्रातला, दुसरा खाजगी लॅबचा, आणि नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं!

डेन्मार्कला हे जमतं, कारण तिथे 1968 पासून प्रत्येकाला एकच नागरिक क्रमांक आहे आणि प्रयोगशाळेच्या नोंदीही त्यावरच जोडता येतात. आपल्याकडे आरोग्याच्या नोंदी जोडण्यासाठी 14 अंकी आभा क्रमांक आहे; रक्त घेताना तो विचारला तरी पाहिजे. गोव्यासारख्या लहान राज्याने यात पुढाकार घ्यावा, असं मला फार वाटतं.

एक मात्र सांभाळायला हवं. वरचेवर तपासण्या करणाऱ्याचे आजार जास्त दिसतात. सत्तरी तालुक्यातला जो माणूस लॅबमध्ये कधी गेलाच नाही, त्याला या नोंदींवरून निरोगी धरू नये.